बाबांच्या ४८६ ला हार्डडिस्कऐवजी सीएफ कार्ड

बाबांचा ४८६, म्हणजे ४८६ प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर, सदाशिव पेठेतल्या घरी माळ्यावर पडून होता, दिवाळीच्या साफसफाईत खाली काढून चालू केला तर हार्डडिस्क नुसती टकटक करत होती, मग तपकीर गल्लीतून सीएफ-टू-आयडीई अ‍ॅडाप्टर आणला आणि जुन्या कॅमेऱ्यातलं २ जीबीचं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड लावलं. सीएफ कार्डला आयडीई (जुन्या हार्डडिस्कची जोडणी) मुळातच कळतं, अ‍ॅडाप्टर फक्त पिना जुळवतो. जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे मुख्य डिस्क म्हणून, ठेवा आणि पॉवरची वायर विसरू नका.

खरी मेख बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम). डिस्कची जागा मोजताना जुना बायोस १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टरच्या पुढे जातच नाही, म्हणजे ५०४ एमबी बास. डॉसला (तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम) तेवढं रग्गड आहे. (सगळी जागा हवी असेल तर मोठ्या डिस्क ओळखणाऱ्या एक्सटी-आयडीई बायोसची चिप नेटवर्क कार्डच्या रॉम सॉकेटमध्ये बसवतात.)

डॉसच्या एफडिस्क प्रोग्रामने कार्डवर पार्टिशन केलं, अ‍ॅक्टिव्ह केलं, सिस्टिम फाइल्ससकट फॉरमॅट मारला, तरी बूट होईना! दोन रात्री गेल्या यात. कार्ड कॅमेऱ्यातलं ना, पहिल्या सेक्टरमध्ये बूट कोडच (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) नव्हता आणि एफडिस्क तो आपणहून लिहीत नव्हता. फ्लॉपीवरून 'एफडिस्क स्लॅश एमबीआर' ही कमांड देऊन तो कोड लिहिला, रिस्टार्ट केलं, आणि सी प्रॉम्प्ट आला. बाबा शेजारीच उभे होते, त्यांनी न बोलता फाइल्सची यादी दाखवणारी डीआयआर कमांड टाइप केली.