ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी आणि जांभळे दोन्ही रॉड्स दिसत होते, ते कोडं असं सुटलं

प्रॅक्टिकलला ओळखायला मिळालेल्या अननोन कल्चरचा (वाढवलेल्या बॅक्टेरियांचा) ग्रॅम स्टेन केला तर अर्धे रॉड्स (काडीसारख्या पेशी) जांभळे, म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह, आणि अर्धे गुलाबी, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह. सगळ्यात आधी शंका येते कंटॅमिनेशनची, म्हणून न्यूट्रिएंट अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या माध्यमावर) रेघा ओढून परत स्ट्रीक केलं पण कॉलनीज सगळ्या एकाच प्रकारच्या आल्या, म्हणजे कल्चर प्युअरच होतं.

मग ३% केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टेस्ट केली, स्लाइडवर थेंबात कॉलनी घोळून लूप उचलायचा, ग्रॅम निगेटिव्ह असेल तर चिकट तार येते. तार आलीच नाही! म्हणजे पॉझिटिव्ह. कल्चर जुनं झालं की ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींची भिंत कमकुवत होते, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग टिकत नाही आणि त्या गुलाबी दिसतात, बॅसिलस या बॅक्टेरियांच्या गटात तर हे फारच होतं. १८ ते २४ तासांचं ताजं कल्चर घेतलं तर सगळे रॉड्स मस्त जांभळे.

पुढचं सोपं गेलं. मॅलकाइट ग्रीन या रंगाने हिरवे स्पोअर्स (बॅक्टेरियांचे टिकाऊ बीजाणू) दिसले, कॅटालेज एन्झाइमची टेस्ट पॉझिटिव्ह, हवेत छान वाढ, म्हणजे बॅसिलस. व्हीपी (व्होगेस-प्रॉस्काउअर) टेस्ट पॉझिटिव्ह आल्यामुळे बॅसिलसच्या स्पीशीजपैकी मेगाटेरियम बाद आणि सबटिलिसकडे कल. माझ्या मते स्पीशीज ठरवायच्या घाईपेक्षा ग्रॅम रिअ‍ॅक्शन पक्की करण्यात वेळ घालवा, ओळख पटवायचा पुढचा सगळा चार्ट तिच्यावरच उभा असतो.