इलियडमधील पात्रे कशी वाचावीत : याचनेच्या प्रसंगांचा माग

सांगलीसारख्या गावात एखाद्या वाचनमंडळाने होमरचे ‘इलियड’ हे ट्रॉयच्या युद्धावरचे प्राचीन ग्रीक महाकाव्य वाचायला घेतले, की पहिल्या काही बैठकांतच नावांच्या गर्दीने वाचक दमतात. दुसऱ्या सर्गातील जहाजांची लांबलचक यादी पहिल्या वाचनात खुशाल ओलांडावी. तिच्यावाचून कथेचे काही अडत नाही. याहून मोठी अडचण अपेक्षांची असते. महाभारतावर वाढलेला वाचक यात कर्ण कोण आणि दुर्योधन कोण हे शोधू लागतो. पण येथे ग्रीक आणि ट्रॉयवासी हे दोन्ही पक्ष त्याच देवांना बळी अर्पण करतात आणि कोणताही पक्ष धर्माचा म्हणून उभा केलेला नाही. ज्यात लपून ग्रीक सैनिक ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडाही येथे शोधू नये. सुमारे साडेपंधरा हजार ओळींचे हे 24 सर्ग दहा वर्षांच्या युद्धातील काही आठवड्यांपुरतेच आहेत, आणि काव्य संपते तेव्हा ट्रॉय उभे असून ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस जिवंत असतो. घोड्याची हकिगत ‘ओडिसी’ या होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात येते.

पात्रांची गुणदोषांची यादी करण्याऐवजी एकच धागा हाती धरून संपूर्ण काव्य वाचावे, अशी माझी शिफारस आहे, आणि तो धागा याचनेचा असावा. ‘इलियड’चा आरंभ एका वृद्ध पित्याच्या याचनेने होतो आणि शेवटही दुसऱ्या वृद्ध पित्याच्या याचनेने होतो, पहिली धुडकावली जाते, दुसरी मान्य होते. वहीत प्रत्येक प्रसंगासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर कोण मागतो, कोणापुढे, बदल्यात काय देऊ करतो, स्पर्श करतो का, आणि उत्तर काय मिळते, एवढे टिपावे. स्पर्शाची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण समोरच्याचे गुडघे धरणे आणि हनुवटीला हात लावणे ही त्या समाजातील याचनेची रीतच होती. पहिल्या सर्गात अकिलीसची आई, समुद्रदेवी थेटिस देवांचा राजा झ्यूस याच्यासमोर अगदी असेच करते : डावा हात गुडघ्यांवर, उजवा हनुवटीखाली.

सुरुवात क्रायसीस या अपोलो देवाच्या पुजाऱ्यापासून करावी. तो ग्रीकांच्या कैदेतील मुलीच्या सुटकेसाठी खंडणी घेऊन येतो, सारे सैन्य ती स्वीकारावी असे म्हणते, आणि ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन एकटा त्याला अपमान करून हाकलतो. त्यानंतरची रोगाची साथ, अकिलीसशी झालेले भांडण आणि पुढचा सगळा संहार या एका नकारातून निघतो. सहाव्या सर्गात हाच अगामेम्नॉन पुन्हा भेटतो : ट्रॉयच्या बाजूचा अॅड्रास्टस अगामेम्नॉनचा भाऊ मेनेलाउस याचे गुडघे धरून जीवदान मागतो, मेनेलाउस विरघळू लागतो, आणि थोरला भाऊ धावत येऊन, गर्भातले मूलसुद्धा वाचता कामा नये, असे म्हणत स्वतः भाला चालवतो. ही दोन पाने शेजारी ठेवली, की अगामेम्नॉनविषयी वेगळे स्वभावचित्र लिहिण्याची गरज उरत नाही.

नवव्या सर्गाला मात्र एक पूर्ण बैठक द्यावी, कारण सगळ्यात समृद्ध असा हाच भाग आहे. भांडणानंतर युद्धातून बाजूला झालेल्या अकिलीसला परत येण्याची विनंती करायला ओडिसियस, फीनिक्स आणि एजॅक्स हे तिघे येथे येतात. काव्याचा जवळजवळ निम्मा मजकूर पात्रांच्या तोंडी आहे, म्हणून भाषणे मनातल्या मनात वाचू नयेत; नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत ती मोठ्याने वाचणारी माणसे मिळणे अवघड नसावे. एकाने ओडिसियस, एकाने फीनिक्स, एकाने एजॅक्स आणि एकाने अकिलीस वाचावा. त्याआधी अगामेम्नॉनने जाहीर केलेला नजराणा ओळीओळीने ओडिसियसच्या भाषणाशी ताडून पाहावा. सात तिवया, दहा टॅलेंट (वजनाचे एक माप) सोने, वीस कढया, बारा घोडे, सात नगरे हे सर्व ओडिसियस जसेच्या तसे सांगतो; वगळतो ते फक्त शेवटचे बोल, ज्यांत अकिलीसने आपल्यापुढे नमावे, कारण आपण अधिक मोठे राजे आहोत, असे अगामेम्नॉन म्हणाला होता. अकिलीसने ते ऐकलेले नसते, तरीही मनात एक आणि ओठांवर दुसरे असणारा माणूस आपल्याला नरकाच्या दारांइतका नकोसा वाटतो, असे तो उत्तरादाखल म्हणतो. देणगी आहे, पण तिच्यामागे विनवणी नाही, हे त्याला कळले असावे, असे मला वाटते.

अकिलीस हटवादी आहे, हा सरसकट शेरा येथेच तपासावा. तो ओडिसियसला सांगतो की आपण उद्याच निघणार. फीनिक्सला सांगतो की जायचे की थांबायचे ते सकाळी ठरवू. आणि सर्वांत थोडके, सर्वांत रोखठोक बोलणाऱ्या एजॅक्सला सांगतो की ट्रॉयचा सेनानायक हेक्टर आपल्या तळापर्यंत आल्यावर आपण लढू. तीन उत्तरांत तो थोडाथोडा सरकत गेला आहे. परत गेल्यावर ओडिसियस मात्र पहिलेच उत्तर कळवतो.

अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या मृत्यूनंतरचा एकविसावा सर्ग कठोर आहे. ट्रॉयचा राजा प्रायम याचा मुलगा लायकेऑन पूर्वी अकिलीसच्याच हाती सापडला होता, लेम्नॉस बेटावर विकला गेला होता आणि सुटून घरी आल्यावर बाराव्या दिवशी पुन्हा त्याच्यासमोर येतो. तो एका हाताने गुडघे आणि दुसऱ्याने भाला धरतो. अकिलीस त्याला ‘मित्रा’ म्हणतो, पॅट्रोक्लस मेला आणि मीही मरणार आहे, असे सांगतो, आणि ठार करतो. पूर्वी आपण जीवदान देत असू, हे त्याचे स्वतःचे शब्द या पानावर ठळक लिहावेत. क्रौर्य त्याचा मूळ स्वभाव आहे की दुःखाने आलेले आहे, या वादात तेच उपयोगी पडतात. मरताना हेक्टरने केलेली, आपला देह घरच्यांना द्यावा ही बाविसाव्या सर्गातील विनंतीही याच पानाला जोडावी.

मग चोविसावा सर्ग. प्रायम मुलाचा, हेक्टरचा देह मागायला रात्री अकिलीसकडे येतो, गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याचे मुलगे मारले त्या हातांचे चुंबन घेतो. येथे खंडणी आहे, पण अकिलीसला हलवते ती स्वतःच्या पित्याची, पेलिउसची आठवण. तरी हा प्रसंग गोड समेटाचा म्हणून वाचू नये. प्रायम बसायला नकार देतो तेव्हा अकिलीस पुन्हा भडकतो, आणि मुलाचा देह पाहून पित्याचा संयम सुटला तर आपल्या हातून काही घडेल या भीतीने तो प्रेत दूर धुवून घेतो. अंत्यविधीसाठी अकरा दिवस मिळतात. बाराव्या दिवशी युद्ध पुन्हा सुरू करायचे असते.

‘ओडिसी’कडे वळताना हीच वही पुढे चालवावी. सहाव्या सर्गात समुद्रातून किनाऱ्याला लागलेला नग्न ओडिसियस राजकन्या नॉसिकाचे गुडघे धरावेत की दुरूनच बोलावे याचा विचार करतो आणि दुरून बोलतो. सातव्यात तो तिची आई राणी अरीटी हिचे गुडघे धरतो. नवव्यात पॉलिफिमस हा एकाक्ष राक्षस झ्यूसच्या नावाने केलेली विनवणी उडवून लावतो. बाविसाव्या सर्गात, घरी परतून पत्नीच्या मागे लागलेल्यांचा संहार करताना, स्वतः ओडिसियसच्या पायाशी माणसे येतात : त्यांच्यातला लिओडीस मारला जातो, आणि मुलगा टेलेमॅकसच्या शब्दावरून गायक फीमियस व दूत मेडॉन वाचतात. गायकाला कोणत्या कारणाने सोडले, यावर मंडळात मतभेद व्हावेत, इतपत मजकूर त्या ओळींत नक्कीच आहे.