ओकावांगोच्या कँपमध्ये राहायला जाताय? या चुका टाळा

माणशी, रात्रीला हजार डॉलरच्या वर मोजून लोक बोट्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या सफारी कँपवर पोचतात आणि सहज टाळता येणाऱ्या चुकांपायी त्यातला अर्धा दिवस इथे, अर्धा तिथे वाया घालवतात. चुका दरवर्षी त्याच. पैसे भरले की बाकी सगळं कँपवाले बघतील, हा समज त्यांच्या मुळाशी असतो. पण विमानाचं पोट, पुराचं पाणी आणि पाणघोड्याची वाट या गोष्टी कँपवाल्यांच्याही हातात नसतात.

चाकांची कडक बॅग

सगळ्यात जास्त मनस्ताप हीच देते. माउन या तिथल्या गावाहून कँपला जाणारं विमान बहुधा सेस्ना कॅरॅव्हॅन असतं, कधी त्याहूनही लहान. कॅरॅव्हॅनचं सामान पोटाखालच्या बुटक्या कप्प्यात जातं. त्याची दारं लहान असतात आणि आत बॅगा दाबून, वाकवून बसवाव्या लागतात. चाकं आणि दांडा असलेली बॅग वाकत नाही, म्हणून ती चढत नाही. साधारण मर्यादा माणशी २० किलोची, तीही हातातली पर्स, कॅमेरा, लेन्स, सगळं धरून. काही ठिकाणी १५ किलोच. बॅग मऊ हवी, अंदाजे ६० × ३० × २५ सेंटिमीटरची. धावपट्टी वाळूमातीची आणि आखूड असते. ऑक्टोबरच्या उकाड्यात हवा विरळ झाली की वैमानिकाला प्रत्येक किलो मोजावा लागतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका.

माउनच्या काउंटरवर घडणारा नेहमीचा प्रकार असा: चौघांचं कुटुंब, चार कडक ट्रॉल्या, प्रत्येकी २३ किलो, कारण मुंबईच्या विमानात तेवढं चालतं. काउंटरवाली नाही म्हणते. मग फरशीवर बॅगा उघडून निवडानिवड सुरू होते. त्याच विमानातून आणखी दोन कँपचे पाहुणे उतरवायचे असतात आणि अंधार पडायच्या आत परतायचं असतं, म्हणून विमान थांबत नाही. कुटुंब पुढच्या फेरीने जातं, पहिल्या संध्याकाळची बोट हुकते, आणि कँपवर पोचल्यावर कळतं की दुर्बीण माउनला ठेवलेल्या ट्रॉलीतच राहिली. एजंटाने पाठवलेल्या कागदावर मर्यादा लिहिलेली असते. तो कागद कुणी वाचत नाही.

उपाय घरीच करा. भरलेली बॅग आणि कॅमेऱ्याची पिशवी दोन्ही घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. कपड्यांचे तीन जोड पुरतात, कारण बहुतेक कँपमध्ये रोज कपडे धुऊन मिळतात. अंतर्वस्त्रं मात्र बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. त्यासाठी साबणाची पावडर तंबूतच ठेवलेली असते. मोठी बॅग माउनला ठेवायची असेल तर परतीचा रस्ताही माउनवरूनच हवा. सफर उत्तरेतल्या कासाने गावाला किंवा व्हिक्टोरिया धबधब्यापाशी संपत असेल तर ती बॅग अडकली. प्रवाशाचं वजन १०० किलोच्या वर असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आसनव्यवस्था त्यावरच ठरते.

पाऊस बघून तारीख ठरवणं

पावसाळ्यात भरपूर पाणी असेल, हा आपला हिशोब इथे चुकतो. ओकावांगोत पाऊस पडतो साधारण नोव्हेंबर ते मार्च, पण पूर येतो अंगोलाच्या उंच भागात पडलेल्या पावसाचा. ते पाणी शेकडो किलोमीटर चालत येतं, आणि पुढे जमीन इतकी सपाट की अडीचशे किलोमीटरमध्ये उतार जेमतेम साठेक मीटरचा. पपायरस या उंच पाणगवतामधून झिरपत ते उत्तरेच्या चिंचोळ्या पट्ट्यात एप्रिलच्या सुमारास भरतं आणि माउनकडे जून ते ऑगस्टमध्ये पोचतं, ऐन कोरड्या थंडीत. समुद्राला ते कधीच मिळत नाही. बहुतेक हवेत उडून जातं, थोडं कालाहारीच्या वाळूत जिरतं.

म्हणून डिसेंबरात स्वस्त दर बघून बुकिंग करायचं आणि मोकोरोत, म्हणजे अरुंद लांब होडीत, बसून कमळांमधून फिरायची स्वप्नं बघायची, हे बहुतेक ठिकाणी जमत नाही. डिसेंबर वाईट नव्हे: हिरवळ, स्थलांतर करून आलेले पक्षी, हरणांची पिल्लं. फक्त ती वेगळी सफर आहे. जुलैमध्ये उलटी चूक होते. पाण्याने वेढलेला कँप घेतात आणि रोज सिंह मागतात. तिथे जीप चालवायला जमीनच उरलेली नसते. लेचवे हरणं, मासेमार गरुड, नशीब असेल तर पपायरसमध्ये दडलेलं सिटाटुंगा हे पाणथळीतलं हरण दिसेल. दोन्ही हवं असेल तर तीन रात्री पाण्यावरच्या कँपमध्ये आणि तीन कोरड्या जमिनीवरच्या, असं करा. त्याहून कमी नको. प्रत्येक वेळी कँप बदलताना एक अख्खी सकाळ जाते, आणि चार रात्रींत तीन कँप ‘करणाऱ्या’ घाईच्या पाहुण्याच्या लक्षात फक्त धावपट्ट्या राहतात.

बुकिंगपूर्वी लेखी विचारा: आमच्या महिन्यात मोकोरो चालतो का? गाडी चालते का? कँप मोरेमी अभयारण्यात आहे की खासगी कन्सेशनमध्ये, म्हणजे सफारी कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलेल्या भागात? मोरेमीत रस्ता सोडून गाडी घालता येत नाही आणि रात्रीची सफारी नसते. खासगी भागात बहुधा दोन्ही मिळतं. पूर दरवर्षी सारखाही नसतो. २०१९ च्या दुष्काळात कितीतरी प्रवाह आटले होते. त्यामुळे तारीख जवळ आली की पुन्हा एकदा विचारा.

अंधारात एकटं चालणं

बहुतेक कँपना कुंपण नसतं. रात्री पाणघोडे चरायला वर येतात आणि त्यांच्या वाटा तंबूकडे नेणाऱ्या लाकडी पुलाखालूनच जातात. पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये सापडलेला माणूस संकटात असतो. तंबू पन्नास पावलांवर असला, चार्जर विसरला असला, तरी सोबत माणूस घेतल्याशिवाय निघू नका. तंबूत भोंगा किंवा शिट्टी ठेवलेली असते. ती खऱ्या अडचणीसाठी आहे, चहा मागवायला नाही.

बाकीच्या, थोडक्यात

तंबूत फळं ठेवू नका. संत्र्याच्या वासाने हत्ती येतो, बाकी कशाच्याही वासाने माकडं. चिवडा नि थेपले कँपच्या स्वयंपाकघरात ठेवायला द्या.

‘शाकाहारी’ एवढंच कळवून भागत नाही. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, मासळीचा सॉस चालतो का, हे महिनाभर आधी कळवा. किराणा ट्रकने किंवा विमानाने येतो. आयत्या वेळी तूरडाळ मिळणार नाही.

जून-जुलैत पहाटे उघड्या गाडीत हाडं गोठतात. कानटोपी, हातमोजे, वाऱ्याचं जाकीट न्या. दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो.

मोकोरोत तळाशी बसायचं, उभं राहायचं नाही, हात पाण्यात घालायचे नाहीत. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

बरेच कँप सौरऊर्जेवर चालतात. हेअर ड्रायर घरी ठेवा. झोपेत श्वासाचं मशीन लागत असेल तर आधी कळवा. सॉकेट बहुधा आपल्या १५ अँपिअरच्या जाड तीन पिनांचं किंवा चौकोनी पिनांचं असतं. दोन्हींचे अडॅप्टर घ्या.

ड्रोन नेऊ नका. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगही नकोत.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि परतल्यावर मध्येच सोडू नका: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल पुढे ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे. त्याच सफरीत केनिया असेल तर पिवळ्या तापाची लस हवी. तिचा दाखला लस घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य होतो, आणि तो बोट्स्वानात शिरताना मागतात, भारतात परतताना पुन्हा मागतात.

विमा काढताना हवाई रुग्णवाहिकेचा खर्च त्यात आहे का, हे वाचून बघा. कँपच्या धावपट्टीला दिवे नसतात; रात्री दुखणं आलं तर विमान उजाडल्यावरच उतरतं. रोजची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा.

परतीच्या दिवशी छोट्या विमानाची वेळ आदल्या संध्याकाळी कळते, आणि वाटेत दोन-तीन कँपवर थांबे असू शकतात. त्याच दुपारचं जोहान्सबर्गचं विमान घेत असाल तर मध्ये किमान तीन तास ठेवा. जोहान्सबर्गहून मुंबईचं तिकीट दुसऱ्या दिवसाचंच काढा, आणि तिथे मुक्काम करायचा म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा वेळेत काढावा लागेल.