कंबर धरते? मग असं चाला

वजन 92 किलो, कंबर कायमची दुखरी आणि दिवसभर पोळी-भाजी केंद्रात ओट्याशी उभं राहणं. तरी डोंबिवलीत स्टेशनपर्यंत मी चालतच जाते. "रोज दहा हजार पावलं चाला" म्हणणाऱ्यांना मात्र लांबूनच नमस्कार.

पोट सुटलं की शरीराचा भार पुढे जातो. तो सावरायला आपण नकळत कंबरेतून मागे झुकतो. कंबरेचा बाक वाढतो, पाठीचे स्नायू सारखे ताणलेले राहतात. मग पावलं आखूड पडतात, पाय फाकवून डुलत चालणं सुरू होतं. चालणं नकोसं झालं की वजन आणखी चढतं.

म्हणून अंतर मोजू नका, कंबर कधी कुरकुरते ते बघा. माझी दहाएक मिनिटांत भरून येते, म्हणून मी त्याआधीच बसते, दुखत नसलं तरी. मेडिकलची पायरी, पुढे देवळाचा कट्टा, असे माझे थांबे ठरलेले आहेत. बसल्यावर कोपरं मांड्यांवर टेकून जरा पुढे वाकायचं, की कंबर सैल पडते. कळ येईपर्यंत रेटलंत, तर परत उठायचं जिवावर येतं.

एका खांद्याला जड पर्स नको, अंग एकीकडे कलतं. भाजी दोन पिशव्यांत सारखी वाटून घ्या. कांदे-बटाटे सरळ घरपोच मागवा, त्यात कसली लाज! झिजलेल्या स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल घाला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

वजन एका किलोनं उतरलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तेवढ्यासाठी मी संध्याकाळची भजी सोडली. रविवारची नाही.

चालताना पायात गोळे येतात आणि बसल्यावर किंवा वाकल्यावरच मोकळं वाटतं? मणक्यातली जागा अरुंद झालेली असू शकते. नुसतं उभं राहूनही थांबत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. दोन्हींसाठी डॉक्टर गाठा. पण लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर शेक-मलमात वेळ घालवू नका. रिक्षा बोलवा आणि त्याच क्षणी हॉस्पिटलला निघा.