आरसी हरवलेली जुनी गाडी घेतलीत? या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डुप्लिकेट आरसीचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा) अर्ज स्वतःच्या नावाने करायला धावणं. पैसे तुम्ही दिलेत, चावी तुमच्याकडे आहे, गाडी तुमच्या दारात उभी आहे. आरटीओला त्याच्याशी देणंघेणं नाही. 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर ज्याचं नाव, तो मालक, आणि डुप्लिकेटच्या अर्जाच्या फॉर्म २६ वर सही त्याचीच. आधी जुन्या मालकाच्या नावाने डुप्लिकेट, ती हातात आली की फॉर्म २९ आणि ३० भरून तुमच्या नावावर ट्रान्सफर. घाई कितीही असो, हा क्रम उलटा होत नाही.

आता नेहमीचं प्रकरण पाहा. गाडी पुण्यात घेतली, नोंदणी नागपूरची. पूर्ण रक्कम देऊन झाली आणि चार दिवसांनी कळलं की पाकिटात आरसी नाही, नुसती झेरॉक्स आहे. ऑनलाइन अर्ज करायला बसावं तर ओटीपी जातो जुन्या मालकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर, आणि तो नंबर केव्हाच बंद पडलेला. म्हणजे आधी नंबर बदलून घ्या. ते होतंय तोवर पोर्टलवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसतो. कर्ज फिटलंय, बँकेचं पत्रही मिळालंय, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुणी भरलाच नाही. विक्रेत्याला एव्हाना पैसे मिळालेत, त्याला कशाची घाई? तो फोन उचलेनासा होतो आणि गाडी कागदाविना उभी राहते.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून तीन गोष्टी पाहाव्यात: नोंदणीतला मोबाइल चालू आहे का, बोजा उतरलाय का, ई-चलन थकलंय का. आणि ट्रान्सफर होईपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवावी, त्याला वाईट वाटलं तरी. तो टाळाटाळ करू लागला तर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची आठवण करून द्या: नोंदणीत नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर. गाडी विकून मोकळा झालो, असं समजणाऱ्याला हे ऐकल्यावर सही करायला वेळ मिळतो.

याच घाईतून 'ओपन फॉर्म' निघतात. कोऱ्या फॉर्मवर विक्रेत्याच्या सह्या घ्यायच्या आणि 'एजंट बघून घेईल' म्हणायचं. सही जुळली नाही किंवा पुन्हा ओटीपी लागला की तो कागद रद्दी. फॉर्म पूर्ण भरून, तारीख टाकून मगच सही घ्या. फॉर्म २९ च्या दोन प्रती करा.

दुसरी आवडती चूक चेसिस प्रिंटची. फॉर्मवर चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकाचा, पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो, आणि तो धूसर म्हणून परत आला की दोष कारकुनाला. नंबर कोरलेली जागा गाडीगणिक वेगळी असते: कुठे पुढच्या सीटखालच्या मॅटखाली, कुठे बॉनेटखालच्या पत्र्यावर. आधी कोरड्या फडक्याने धूळ आणि ग्रीस काढा. पातळ कागद दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा, सरकता कामा नये. मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने एकाच दिशेने घासा. टोक दाबलंत तर कागद फाटतो. तीन-चार ठसे घ्या, त्यातला स्वच्छ लावा. सतराही अक्षरं-अंक वाचता आले पाहिजेत. त्यात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे 'ओ' वाटतंय ते शून्यच. अर्जात 'ओ' टाइप करून नंबर जुळत नाही म्हणणारे थोडे नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात:

पोलिसांत हरवल्याची नोंद केल्याशिवाय फॉर्म २६ घेऊन जाऊ नका. ठाण्याचं नाव आणि तारीख त्यात भरावी लागते.

आरसी फाटली किंवा भिजली असेल तर 'हरवली' लिहू नका. तो तुकडा अर्जाला जोडा.

बोजा चालू असेल तर फायनान्स कंपनीची संमती आधी घ्या.

मूळ मालक वारला असेल तर फॉर्म ३०वर त्याची सही कुठून आणणार? वारसाला फॉर्म ३१ लागतो.

डिजिलॉकर या सरकारी ॲपमधली आरसी रस्त्यावर पोलिसांना चालते. मात्र ती जुन्या मालकाच्याच खात्यात उतरते, आणि तिचा स्क्रीनशॉट म्हणजे आरसी नव्हे.

अधिकृत डीलरकडून गाडी घेतली असेल तर डुप्लिकेटसाठी त्याच्यामागे लागा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत असा अर्ज करायचा अधिकार डीलरला आहे.

विमा विसरू नका. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र त्याचा त्याच्याकडेच राहतो, तो किमतीत धरून गाडी घेऊ नका.

आणि हरवलेली आरसी डुप्लिकेट आल्यावर सीटखाली सापडली, तर आठवण म्हणून ठेवू नका. आरटीओत जमा करून पोच घ्या.