जुन्या दुनळीच्या नळ्यांचं पोलाद कसं ओळखायचं

रिबवर, म्हणजे दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, कोरलेलं नाव सगळ्यात शेवटी वाचा. आधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसायची जागा) रिकामे असल्याची खात्री करा, फोर-एंड (नळ्यांखालचा लाकडी हातधर) काढा, नळ्या सुट्या करून उलट्या ठेवा. पोलादाच्या खुणा लंपच्या (नळ्यांखालचा, बंदुकीत अडकणारा ठोकळा) दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर आणि फोर-एंडखाली झाकलेल्या पट्ट्यात असतात. तिथला चिकटा पातळ तेलात भिजवून मऊ फडक्याने पुसा. पॉलिश पेपर लावलात तर उथळ शिक्के कायमचे जातील. टॉर्च आडवा धरला की पुसट अक्षरंही उठून दिसतात.

गव्हाची पेंढी दिसली तर इंग्लंडच्या व्हिटवर्थचं पोलाद. वितळलेलं पोलाद प्रचंड दाबाखाली थिजवून ते त्यातले बुडबुडे काढत. 'फ्लुस श्टाल क्रुप एसेन' म्हणजे जर्मनीचं क्रुप. बाईच्या चेहऱ्याचा एका बाजूने दिसणारा ठसा आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या क्लाड्नोच्या पोल्डी कारखान्याचा. कारखान्याचे मालक कार्ल विटगेनश्टाइन यांच्या पत्नी लिओपोल्डिने यांच्या 'पोल्डी' या लाडक्या नावावरून कारखान्याचं नाव आलं. कॉकेरिल बेल्जियमचं, ब्योलर अँटिनिट ऑस्ट्रियाचं आणि गंजाला टिकणारं.

अमेरिकन बंदुकांत मात्र नावं फसवतात. पार्करच्या व्हीएच ग्रेडवर व्हल्कन, डीएचवर टायटॅनिक अशी नावं येतात, एल. सी. स्मिथवर आर्मर, क्राउन वगैरे. ही कारखान्याने ग्रेडप्रमाणे दिलेली विक्रीची नावं. वरच्या ग्रेडचे जास्तीचे पैसे मुख्यतः नक्षी, लाकूड आणि फिनिशचे असत. नुसत्या नावावरून टायटॅनिक व्हल्कनपेक्षा मजबूत ठरवू नका.

दमास्कस नळी लोखंड आणि पोलादाच्या पिळलेल्या सळ्या गुंडाळून, तापवून, ठोकून जोडलेली असते. तिच्यावर वळणावळणाची नक्षी दिसते. साध्या ट्विस्ट नळीवर नुसते तिरपे पट्टे. स्वस्त बंदुकांवर ही नक्षी वरून छापलेलीही सापडते. फोर-एंडखाली नक्षी संपली तर संशय घ्या. उलट, खरी दमास्कस नळी ब्लूइंगने (रासायनिक काळसर रंग देऊन) लपवलेलीही असते. शंका असेल तर फोर-एंडखाली वाटाण्याएवढी जागा अ‍ॅसिटोनने पुसून पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडचा एक थेंब ठेवा. दमास्कस असेल तर थोड्या वेळात नक्षी उमटते. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, तेल लावा. लोहचुंबक इथे कामाचा नाही, तो दमास्कस आणि साध्या पोलादी नळीला सारखाच चिकटतो.

चेंबरच्या पुढे नळीभोवती बारीक रेघ किंवा नक्षीची कडी दिसली तर नळ्या स्लीव्ह केलेल्या असू शकतात, म्हणजे जुन्या ब्रीचमध्ये (नळीचं मागचं, काडतुसाकडचं टोक) नव्या नळ्या बसवलेल्या. तसं असेल तर ब्रीचखालचा शिक्का जुन्या पोलादाचा, आणि छर्रा धावतो ती नळी वेगळीच. ब्रिटिश बंदुकीवर 'स्लीव्ह्ड' असा शब्द शोधा.

आता तुलना. ब्रीचपासून 9 इंचांवर बोअर (नळीच्या आतला व्यास) मोजा आणि प्रूफच्या, म्हणजे नळीच्या मजबुतीच्या अधिकृत चाचणीच्या, शिक्क्याशी ताडा. बारा बोअरचा मूळ आकडा 0.729 इंच. ब्रिटिश बंदुकांवर 1954 नंतर असा दशांश आकडा मिळतो. त्याआधी 12 किंवा 13/1 असे अंक, त्यातला 13/1 म्हणजे 0.719. 0.729 ची नळी 0.740 भरली, तर आतून घासून गंज काढलाय आणि प्रूफ गेलेलं आहे. मग भिंतीची जाडी गेजने घ्या, प्रत्येक नळीला चारही बाजूंनी, डावा हात जिथे पकडतो त्या भागात जास्त जपून. जाणकार 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही किमान जाडी धरतात. इंचाचे चौदा हजारांश उरलेल्या व्हिटवर्थपेक्षा तीस हजारांशांची अनामिक नळी मी केव्हाही पसंत करेन.

शिक्क्यांत नायट्रो प्रूफ (धूरविरहित दारूसाठीची चाचणी) नसेल, फक्त काळ्या दारूचं असेल, तर पोलाद कुठलंही असो, आजचं काडतूस घालू नका. चेंबरही मोजा: जुने ब्रिटिश बहुधा अडीच इंचांचे असतात. पावणेतीन इंचांचं काडतूस त्यात आरामात बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो.