हॉटेलचा आवाज: तक्रार कुठे, कशी

कोल्हापुरात राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कात खाली हॉटेल आणि वर बिऱ्हाड असेल, तर आधी आवाज कशाचा आहे ते ओळखा. बहुतेकदा त्रास गाण्यांपेक्षा धूर ओढणाऱ्या पंख्याचा असतो. तो सामायिक भिंतीला थेट बोल्टने आवळला, की थरथर भिंतीतून झोपायच्या खोलीत येते. अशा वेळी खिडकी बंद करून काही होत नाही. पंखा जमिनीवरच्या चौकटीत, रबरी किंवा स्प्रिंगच्या बैठकीवर ठेवायला सांगा. पंखा आणि डक्ट (धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी) यांच्यामध्ये कॅनव्हासचा लवचिक जोड हवाच, नाहीतर सगळी थरथर पत्र्यातून वर चढते. लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा संथ चालवलेला केव्हाही बरा.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. व्यापारी भागात ६५ आणि ५५. मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त आवाज असेल, तर तक्रार करता येते. म्हणून आपली जागा निवासी भागात येते की व्यापारी हे महापालिकेच्या नगररचना विभागातून आधी काढा. तिथेच मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र माहिती अधिकारात मागा. नकाशात निवासी गाळा असून तिथे भटारखाना चालत असेल, तर वापरबदलाचा मुद्दा आवाजापेक्षा भक्कम ठरतो.

मोबाइलवरचे मोजमाप पुरावा म्हणून टिकत नाही. तरी तारीख, वेळ आणि आवाजाचा प्रकार रोज वहीत लिहा. रात्री उघड्यावर स्पीकर वाजत असेल, तर लगेच ११२ वर कळवा.